‘शट डाउन’ म्हटल्यानंतर

संगणक सुरू व्हायला वेळ लागला तर माणूस तेवढ्यात हातातलं दुसरं काहीतरी उरकून घेतो. बंद व्हायला वेळ लागला की मात्र वैतागतो. सुरू होताना पुढे काहीतरी मिळणार असतं. बंद करताना आपलं सगळं घेऊन झालेलं असतं, मग आता हा कशाला रेंगाळतोय, असं वाटतं. लॅपटॉप बॅगेत टाकायचाय, दिवे घालवायचेत, आणि पडद्यावर टिंबांचं वर्तुळ गरगरत बसलंय. तसाच चालू, तापलेला लॅपटॉप बॅगेत कोंबणारे लोक मी पाहिलेत. पॉवरचं बटण दाबून धरणारे तर जागोजागी भेटतात, आणि त्यांना त्यात काही वावगं केलंय असंही वाटत नाही.

या वैतागावर लोक एकमेकांना ज्या युक्त्या सांगतात, त्यांतल्या बहुतेकींचं सार एकच असतं: संगणकाला वाट बघायला लावू नका, प्रोग्रॅमांना आवरायला दिलेली मुदत कापा. मला हा उपाय कधीच पटला नाही. ही मुदत नेमकी कुणासाठी ठेवलीय ते समजून घेतल्यावर तर मुळीच नाही.

आपण ‘शट डाउन’वर टिचकी मारतो तेव्हा विंडोज उघड्या असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आधी एक निरोप धाडते: सत्र संपवतोय, तुझी हरकत आहे का? प्रोग्रॅम ‘नाही’ म्हणाला की दुसरा निरोप जातो: संपलं, आवर. ५ सेकंदांत उत्तर आलं नाही, किंवा कुणी ‘थांब, फाइल सेव्ह व्हायचीय’ म्हणाला, की तो निळा पडदा येतो. त्यावर अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव, असलंच तर त्याचं कारण, आणि खाली दोन बटणं. तरीही बंद करा, किंवा राहू द्या. हे कारण लिहायची सोय विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना दिलेली आहे. बहुतेक जण ती वापरत नाहीत, त्यामुळे पडद्यावर नुसतं नाव दिसतं आणि आपण न वाचताच ‘तरीही’ दाबतो.

विंडो आवरल्या की पाळी येते सेवांची, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या, आपण कधी तोंडही न पाहिलेल्या कामकऱ्यांची. छपाईची रांग सांभाळणारी, अपडेट आणणारी, अँटिव्हायरसची. त्यानंतर ड्रायव्हर, म्हणजे एकेक यंत्रभाग चालवणारे प्रोग्रॅम, मग फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, मग डिस्क, आणि सगळ्यात शेवटी वीज.

यात वेळ कशाला लागतो? कारण संगणक दिवसभर उधारीवर जगत असतो. आपण ‘सेव्ह’ दाबतो आणि क्षणात ‘झालं’ असं उत्तर येतं, तेव्हा मजकूर बऱ्याचदा डिस्कवर पोचलेलाच नसतो. तो मेमरीत ठेवून घेतलेला असतो, सवडीने लिहीन म्हणून. डिस्क मेमरीपेक्षा कितीतरी संथ, तेव्हा प्रत्येक अक्षरासाठी तिच्या दारात उभं राहिलं तर काम पुढे सरकणारच नाही. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजसारख्याच दुसऱ्या एका कार्यप्रणालीत, हा व्यवहार आकड्यांत बघता येतो. तिथला कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, साधारण दर ५ सेकंदांनी उठून थकबाकी चाळतो आणि ३० सेकंदांहून जुनं काही पडलेलं दिसलं की लिहून टाकतो. हे झाले मूळचे आकडे, ते बदलता येतात. थोडक्यात, आपण सेव्ह केलेली एखादी गोष्ट अर्धा मिनिट केवळ मेमरीच्या भरवशावर असू शकते. आणि मेमरीचा भरवसा तो काय? तिथला एकेक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळत असतो म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की भरणं थांबलं.

ही उधारी डोळ्यांनी बघायची असेल तर लिनक्सवर एखाद्या जुन्या, संथ पेन ड्राइव्हमध्ये सिनेमाएवढी मोठी फाइल कॉपी करून बघा. पट्टी सरसर शेवटाला पोचते आणि कॉपी झाल्याचं सांगून मोकळी होते. मग ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करायला जा. आता तो सुटता सुटत नाही. त्याच्या बुडावरचा दिवा लुकलुकतोय, सूचना म्हणतेय की मजकूर लिहिला जातोय, काढू नका. मघाशी पट्टीने जो वेळ वाचवल्यासारखा दाखवला, तो इथे वसूल होतोय. संगणक बंद होतानाही हेच घडतं, फक्त सगळ्या डिस्कांचं एकदम.

लिनक्सची पूर्वज असलेल्या युनिक्सच्या जुन्या जमान्यात यंत्र थांबवण्याआधी ‘सिंक’ ही आज्ञा तीनदा टाइप करायची रीत होती. पहिल्या आज्ञेने लिखाण सुरू होई. पुढच्या दोन टाइप करण्यात जो वेळ जाई तेवढ्यात डिस्क आपलं काम पुरं करी. मला ही रीत फार आवडते. वाट बघायची तर आहे, पण बोटांना काहीतरी उद्योग देऊन.

बरं, कर्नलने लिहिलं म्हणजे तरी लिहिलं गेलं का? तेही नाही. डिस्कच्या पोटात तिची स्वतःची छोटी मेमरी असते, आणि तीही ‘पोचलं’ म्हणून पावती आधीच देऊन बसलेली असू शकते. एसएसडीत, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप्सवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, तर आणखी एक गुंता. कुठला मजकूर कुठल्या कप्प्यात ठेवलाय याचा नकाशा ती सतत बदलत असते आणि त्याचा चालू भाग अनेकदा मेमरीतच असतो. म्हणून बंद होताना तिला आधी वर्दी द्यावी लागते, की वीज जाणार आहे, आवरून घे. ती ‘आवरलं’ म्हणेपर्यंत थांबावं लागतं. वर्दीविना वीज गेली की ती त्याची नोंद ठेवते. एनव्हीएमई प्रकारच्या कुठल्याही एसएसडीची प्रकृती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, तिथे एक ओळ सापडेल: ‘अनसेफ शटडाउन्स’, आणि पुढे आकडा. एखादं जुनं यंत्र विकत घेताना मालक कितीही सज्जन वाटो, मी आधी ती ओळ बघते.

हा आकडा वाढला म्हणून डिस्क मेलीच असं नाही. पण २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्ज इथल्या संशोधकांनी १५ एसएसडी घेतल्या आणि त्या कामात असताना त्यांची वीज मुद्दाम पुन्हा पुन्हा तोडून पाहिली. १५ पैकी १३ जणींनी काही ना काही घोळ घातला. बिट बिघडणं, अर्धवट लिहिणं, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी लिहिणं, इथपासून ते अख्खी डिस्क निकामी होण्यापर्यंत. मोठ्या सर्व्हरमध्ये बसवायच्या एसएसडींना यासाठीच आत कपॅसिटर दिलेले असतात. वीज गेल्यावर हातातलं लिहून संपवण्यापुरती धुगधुगी त्यांच्यामुळे उरते. आपल्या लॅपटॉपमधल्या डिस्कला ते सहसा नसतात. फिरत्या हार्ड डिस्कची तऱ्हा वेगळी. तिथे अचानक वीज गेली की लिहिणाऱ्या डोक्याला तबकडीवरून घाईघाईने बाजूला व्हावं लागतं. आधुनिक डिस्क हे बिनबोभाट करतात, पण असली धावपळ किती वेळा सोसेल याची त्यांची क्षमता नेहमीच्या शांत उतरण्यापेक्षा पुष्कळच कमी असते.

माझा भाचा या क्षेत्रातला. त्याला संथ यंत्र सहन होत नाही.

“मावशी, किती वेळ घेतं गं तुझं हे! थांब, विंडोजच्या सेटिंगांच्या रजिस्ट्रीत दोन आकडे बदलून देतो.”

“कुठले?”

“सेवांची मुदत ५००० आहे ती २००० करतो, आणि ‘ऑटो एंड टास्क्स’ एक करून टाकतो. मग कुणाला विचारत बसत नाही. अडला की मारतं सरळ.”

“पण अडलाय की लिहीत बसलाय, हे कसं कळणार?”

“ते विंडोजला तरी कुठे कळतं!” असं म्हणून तो हसला.

हसता हसता त्याने मुद्द्यालाच हात घातला होता. विंडोजला खरंच कळत नाही. एखादा प्रोग्रॅम निरोपाला उत्तर देत नाहीये, याची कारणं दोन असू शकतात. एक, तो कायमचा अडकलाय: त्याच्या आतले दोन धागे, म्हणजे एकाच वेळी चालणारी दोन कामं, एकमेकांची वाट बघत बसलेत आणि ते प्रलयापर्यंत तसेच बसतील. दोन, तो भलीमोठी फाइल लिहिण्यात इतका बुडालाय की मान वर करायला फुरसत नाही. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात, मख्ख. यातला कोण कुठला हे ठरवायचा खात्रीचा मार्ग नसल्यामुळेच मुदत नावाची गोष्ट जन्माला आली. मुदत म्हणजे अंदाज आहे, की खरं काम करणारा एवढ्या वेळात बहुधा संपवेल.

हा अंदाज मायक्रोसॉफ्टने स्वतःच वेळोवेळी खाली आणला आहे. सेवांना एक्सपीत २० सेकंद मिळत, विंडोज ७ मध्ये १२, आणि ८ पासून ५. रजिस्ट्रीत हे आकडे मिलिसेकंदांत असतात, म्हणून ५ सेकंद ५००० असे दिसतात आणि कापायला भरपूर वाटतात. तेव्हा जुने सल्ले वाचून २० चे ५ करायला निघालेल्या माणसाला कळतं की ते कधीच करून झालंय. शिवाय ज्या सेवांना खरोखर वेळ हवा असतो त्या आधीच वेगळी मुदत मागून घेतात. अपडेट बसवणारी त्यांतलीच. तिला या आकड्याशी देणंघेणं नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, हा आकडा कमाल मर्यादेचा आहे. सेवा पाव सेकंदात आवरली तर ५ सेकंदांची मुदत असो की ५० ची, पाव सेकंदच लागतो. मुदत कापल्याने निरोगी यंत्र एका क्षणानेही लवकर बंद होत नाही. फरक पडतो तो फक्त कुणीतरी मुदतीला भिडल्यावर, आणि नेमकं तेव्हाच आपल्याला ठाऊक नसतं की तो मख्ख आहे की कामात. भाच्याला मी म्हटलं, आकडे राहू देत, आधी कोण अडवतंय ते शोधून दे. त्यात त्याला जास्त मजा आली, हेही खरं.

शोधायची साधनं विंडोजमध्येच आहेत, फक्त खोल पुरलेली. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, असं एकेक दार उघडत ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’पर्यंत जायचं. तिथे २०० क्रमांकाची नोंद म्हणजे बंद होण्याचा पंचनामा: किती मिलिसेकंद लागले. त्याच्या आसपास २०३ दिसली तर एखाद्या सेवेने उशीर केला, आणि त्या सेवेचं नाव तिथेच लिहिलेलं असतं. आणखी एक सोय आहे, ‘व्हर्बोज स्टेटस’ नावाची. ती चालू केली की गरगरत्या वर्तुळाखाली मोघम ‘शटिंग डाउन’ऐवजी या घडीला काय चाललंय ते दिसू लागतं. मला तर वाटतं ही सोय मुळातच चालू असायला हवी होती. काय चाललंय ते दिसलं की तेवढाच वेळ निम्म्याने सरल्यासारखा वाटतो.

लिनक्समध्ये हा मोकळेपणा पहिल्यापासून आहे, आणि त्याचा ताप वेगळा. काळ्या पडद्यावर लाल तारका डावी-उजवीकडे फिरतात, शेजारी लिहिलेलं असतं की अमुक सेवा थांबवण्याचं काम चालू आहे, आणि पुढे घड्याळ: १२ सेकंद / १ मिनिट ३० सेकंद. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडी या प्रोग्रॅमची ही मूळची ९० सेकंदांची मुदत अनेकांच्या डोक्यात गेलेली आहे. फेडोरा नावाचा लिनक्सचा तयार संच (वितरण) बनवणाऱ्यांनी २०२३ च्या ३८ व्या आवृत्तीत ती ४५ वर आणली. पण त्या ओळीत सेवेचं नाव असतं, आणि खरी किंमत त्या नावाची आहे. एक ठरलेला गुन्हेगार सांगते: नेटवर्कवरचं जोडलेलं फोल्डर. बंद होताना आधी वायफाय तुटतं, मग फोल्डर सोडवायची पाळी येते. त्यासाठी पलीकडच्या यंत्राशी बोलायला हवं, आणि बोलायची वाटच मघाशी बंद केलेली. मग तो बिचारा पूर्ण मुदत संपेपर्यंत हाका मारत राहतो. इथे मुदत कापण्यापेक्षा क्रम सुधारणं, किंवा ते फोल्डर काम झाल्या झाल्या सोडून देणं, हा इलाज. कुणाचं काही बुडत नाही आणि दीड मिनिट वाचतो.

विंडोजमध्ये अशीच एक जागा ‘पेज फाइल’ची, म्हणजे मेमरी अपुरी पडली की तिच्यातला मजकूर उतरवून ठेवायच्या डिस्कवरच्या फाइलीची. बंद होताना ती पुसायची सेटिंग कुणी चालू केलेली असेल, तर कित्येक जीबींची फाइल शून्यांनी भरत बसावं लागतं आणि बंद होण्याचा वेळ भसाभस वाढतो. गोपनीय काम करणाऱ्या जागी ती मुद्दाम ठेवतात, कारण मेमरीतले तुकडे त्या फाइलीत मागे राहू शकतात. मूळ विंडोजमध्ये ती बंद असते. एखाद्या यंत्रावर ती चालू दिसली तर घाईने बंद करण्याआधी कुणी आणि का चालू केली एवढं विचारावं.

आता एक गंमत. विंडोज १० किंवा ११ असलेल्या यंत्रावर रोज रात्री रीतसर ‘शट डाउन’ करणाऱ्या माणसाला टास्क मॅनेजरमधला ‘अप टाइम’ बघायला सांगा. सीपीयूच्या आलेखाखाली असतो तो. सकाळीच यंत्र सुरू केलंय आणि आकडा दाखवतोय कैक दिवस. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आला, त्याची ही करणी. यात आपलं सत्र, आपले प्रोग्रॅम खरोखर बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर आहेत त्या स्थितीत डिस्कवर एका फाइलीत उतरवून ठेवतात आणि सकाळी तिथूनच उठवतात. सुरू होणं यामुळे झटपट झालं, मात्र बंद होताना ती फाइल लिहायचं काम वाढलं. शिवाय ड्रायव्हरचं एखादं दुखणं रोज बंद करूनही बरं होत नाही, कारण तो झोपून उठतो, नव्याने जन्मत नाही. ‘रीस्टार्ट’ मात्र खराखुरा असतो. म्हणून तंत्रज्ञ ‘बंद करून चालू करा’ न म्हणता ‘रीस्टार्ट करा’ म्हणतात, तेव्हा त्यांना खरंच तेच म्हणायचं असतं. शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ निवडलं तर पूर्ण बंद होतं. एकाच डिस्कवर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावंच. विंडोजचा तो अर्धवट झोपलेला भाग तसाच असताना लिनक्समधून तिथे लिहायला जाणं धोक्याचं आहे, आणि शहाणं लिनक्स तसं करायला नकारही देतं.

आत्तापर्यंत मी थांबण्याची बाजू घेतली, पण उलट बाजूही तोलामोलाची आहे. २००३ मध्ये स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी एक धीट विचार मांडला. प्रोग्रॅम कधीतरी कोसळणारच, वीज कधीतरी जाणारच, तेव्हा कोसळून सावरण्याची तयारी प्रत्येकाला ठेवावीच लागते. मग नीट बंद होण्याचा दुसरा रस्ता बांधायचाच कशाला? थांबवायचं म्हणजे पाडायचं, सुरू करायचं म्हणजे सावरायचं, बस्स. त्यांनी मोजून दाखवलं होतं की विंडोज एक्सपीला रीतसर बंद होऊन सुरू व्हायला ६१ सेकंद लागत आणि पाडून सुरू करायला ४८.

डेटाबेसवाले याच वाटेने गेलेत. काय करणार आहे ते आधी नोंदवहीत लिहायचं, मग करायचं. मधे मरण आलं तर उठल्यावर वही वाचायची. आपल्या ब्राउझरचा इतिहास असल्याच छोट्या डेटाबेसात असतो, म्हणून ब्राउझर मारला तरी तो सहसा शाबूत राहतो. अर्धा भरलेला फॉर्म जातो. एनटीएफएस आणि ईएक्सटी ४ या फाइल सिस्टिमही अशी वही ठेवतात, पण एक मेख आहे: ती वही मुख्यतः फाइलींच्या नावागावाची, कुठे काय ठेवलंय याची. आतल्या मजकुराची हमी ती देत नाही. फाइल जागेवर असते, आकारही बरोबर, आणि उघडली तर आत नुसती शून्यं.

मधला मार्ग मला ॲपलचा आवडला. २००९ च्या स्नो लेपर्डमध्ये त्यांनी प्रोग्रॅमांना स्वतःच जाहीर करायची सोय दिली, की या क्षणी माझी कुणाची बाकी नाही, मला न विचारता मारलं तरी चालेल. असे प्रोग्रॅम बंद होताना क्षणात उडवले जातात, निरोप नाही की मुदत नाही. लिहायचं बाकी असेल तो तेवढ्यापुरता हात वर करतो आणि त्याच्यासाठी थांबलं जातं. मख्ख कोण आणि कामात कोण, हा मघाचा न सुटणारा प्रश्न इथे सुटतो, कारण उत्तर बाहेरून ताडायचं नसून आतूनच आधी आलेलं असतं. सगळे प्रोग्रॅम इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले असते तर हा लेख लिहायची गरजच नव्हती.

ते नाहीत, म्हणून मी माझ्यापुरतं असं करते: उठायच्या जरा आधी मोठे प्रोग्रॅम स्वतः बंद करते. व्हर्च्युअल मशीन असेल तर ते सगळ्यात आधी, कारण त्याच्या पोटात दुसरा आख्खा संगणक उधारी करून बसलेला असतो. बॅकअप आणि क्लाउड सिंक चालू आहे का ते कोपऱ्यातल्या चिन्हावर बघून घेते. मग ‘शट डाउन’ दाबलं की आवरायला फारसं कुणी उरत नाही. परत लगेच बसायचं असेल तर बंद करतच नाही, झाकण मिटून झोपवते.

आणि खरंच सगळं गोठलं तर? एके काळी संगणकाचं बटण म्हणजे खरोखर वीज तोडणारं बटण होतं. विंडोज ९५ काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत सांगे, की आता बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण खटका दाबायचा. १९९५ च्याच एटीएक्स या संगणकाच्या अंतर्गत रचनेपासून पुढे ते बटण नुसतं विनंतीचं झालं. दाबलं तर निरोप जातो, आणि साधारण ४ सेकंद दाबून धरलं तरच वीज तुटते. तिथवर जाण्याआधी विंडोजमध्ये कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून, कंट्रोल धरून पॉवरच्या चिन्हावर टिचकी मारली की तातडीचा रीस्टार्ट मिळतो. न साठवलेलं जातं, पण पडदा प्रतिसाद देत असेल तर बटणाआधी तो बरा. लिनक्समध्ये ऑल्ट आणि सिसआरक्यू या कळा धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं एकेक करत, मधे दमाने थांबत दाबायची. त्यातला एस म्हणजे तोच जुना ‘सिंक’. काही वितरणांत यातली मोजकीच अक्षरं मोकळी ठेवलेली असतात, पण एस, यू, बी बहुधा चालतात. यातलं काहीच चाललं नाही तर बटण आहेच, मात्र ते दाबायच्या आधी डिस्कचा दिवा असेल तर तो लुकलुकायचा थांबू द्यावा. आणि पुन्हा सुरू करताना डिस्कची तपासणी सुरू झाली तर तीही पुरी होऊ द्यावी, कितीही घाई असली तरी.